दात खाते, पण कोणावर?

माझं तोंड आयुष्यात एकदाच बंद पडलं, आणि त्याच दिवशी सासूबाई घर सोडून निघाल्या.

तेव्हा आम्ही सदाशिव पेठेत दोन खोल्यांत राहायचो. हे, मी आणि सासूबाई. जेवताना माझ्या कानाशी कट् कट् आवाज यायचा. ह्यांना एकदा म्हटलं, "अहो, जबड्यात कटकट होते हो." हे वर्तमानपत्राआडून म्हणाले, "आम्हाला बाहेरसुद्धा ऐकू येते." संपलं!

त्यात वन्संनी, म्हणजे माझ्या नणंदेने, लोणी काळभोरहून उसाची मोळी पाठवली. हे कोयता शोधायला उठले. मी म्हटलं, "कोयता कशाला? दात आहेत की!" आणि ऐटीत कांड्यामागून कांडं दातांनी सोलून फस्त केलं. सकाळी उठले तर तोंड उघडेना! जेमतेम बोट जाईल एवढी फट, गाल दगडासारखे घट्ट. "अहो" म्हणायला गेले, तर "उं" निघालं.

"आज काय विशेष?" हे म्हणाले. "घर कसं शांत शांत वाटतंय."

दुपारच्या आत दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. सासूबाई बरोबर आल्याच. डॉक्टरांनी माझ्या कानांपुढे बोटं टेकवून चाचपलं.

"जबड्याचा सांधा दुखावलाय. चावायचे स्नायू पार आखडलेत. ऊस नुसतं निमित्त, दुखणं जुनं आहे. या झोपेत दात खातात का?"

"खाते ना," हे म्हणाले. "रोज. माझ्याकडे तोंड करून."

सासूबाईंनी पदर सावरला. "कोणावर?"

"आजी, ते तोंडात बघून कळत नाही," डॉक्टर म्हणाले. मग गोळ्या दिल्या, शेक सांगितला आणि बजावलं, "चावणं बंद, बोलणं बंद."

"बोलणं जास्तीत जास्त किती दिवस बंद ठेवता येईल?" (हा प्रश्न ह्यांचा. केवढा उत्साह तो!)

घरी आल्या आल्या सासूबाईंनी चौकशी आयोग बसवला. "घरात माणसं तीन. एक ती स्वतः. दुसरा माझा मुलगा, त्यानं कधी कुणाला दुखवलं नाही." (हे त्यांचं मत!) "मग राहिलं कोण?"

मी जीव तोडून सांगायला गेले, "अंअं! उंहूं!"

"बघ, बघ! जागेपणी गुरगुरतेय आता!"

"आई, तसं नाही गं," हे मध्ये पडले. "ती सगळ्यांवरच खाते."

ह्यांनी असं सावरून घेतल्यावर काय राहणार! सासूबाईंनी ट्रंक ओढली. चारच्या बसनं लेकीकडे, कायमचं. मी घाईघाईनं कागदावर लिहिलं, 'हा आजार आहे, राग नाही.' त्यांच्यापुढे धरला. चष्मा आधीच ट्रंकेत भरून झाला होता, आणि ह्यांना वाचायला सांगावं, तर हे रिक्षा बघायला गेलेले!

वाचकहो, आता हसते, पण तेव्हा रडायचीच बाकी होते. मला आई नव्हती. सासरी आल्यापासून माझी वेणीसुद्धा ह्याच बाई घालायच्या. वेणी घालता घालता टोमणे मारायच्या, पण घालायच्या! त्या गेल्या तर घरात हे आणि वर्तमानपत्र. शेवटी मी ट्रंकेला पाठ लावून जमिनीवर बसकण मारली. न्या बघू आता!

पण डॉक्टरांची गोळी मोठी गुणाची. तिथल्या तिथे मला झोप लागली.

जाग आली तर डोक्याखाली उशी, ट्रंक उघडी आणि शेगडीवर गुरगुट्या भात. सासूबाई पातेल्यात डाव फिरवत होत्या.

"उठलीस? चांगली कर्र कर्र दात खात होतीस. मी बाहेर सज्जात जाऊन बघितलं, तरी खात होतीस. ह्याला आत पाठवला, तरी खात होतीस. मग ह्यालाही बाहेर काढला आणि शेजारचं मांजर आणून बसवलं."

"उं?"

"त्याच्यावरही खाल्लेस! त्या मुक्या जिवानं काय घोडं मारलंय गं तुझं?"

मी बांध फुटल्यासारखी रडले. त्यांनी ताट पुढे सरकवलं. "रडू नकोस, स्नायू आखडतील. माझं बोळकं झालंय म्हणून, नाहीतर मीही तुझ्यावर खाल्लेच असते. आज निघाले नाही, कारण भात एकीसाठी शिजवायचा तेवढाच दोघींसाठी."

जबडा सुटेपर्यंत आम्ही दोघी एकाच पातेल्यातला मऊ भात तूप-मीठ घालून खात होतो. ह्यांना मात्र पोळी-भाजी स्वतः वाढून घ्यावी लागली. तसा भात आजही करते, पण कुणी पातेलं खरवडत टोमणा मारत नाही, म्हणून अळणी लागतो.

आता माझेही दात गेले. परवा मोठ्या तोऱ्यात सूनबाईला म्हटलं, "बघ हो, मी कुणावरही दात खात नाही!"

ती म्हणाली, "खरंय आई. तुम्ही आता थेट डोकंच खाता."