डाव्या कोपऱ्याचा गुडघा

रविवारी मटणाच्या दुकानात रांग असते आणि रांगेत कबड्डी. लीगचा लिलाव जवळ आला होता. आपल्या संघाने कुणाला ठेवावं, कुणाला सोडावं यावर सगळे तावातावाने भांडत होते. समोर रफीकभाईंचा सत्तूर चालू होता. प्रत्येक घावाला लाकडी ठोकळा हादरे आणि हाडाची कपची उडे.

"डाव्या कोपऱ्याच्या त्या पकडपटूला काढा आता!" मी ओरडलो. "गुडघा फाटलाय त्याचा. फेकून द्या, आणि बदल्यात एखादा ताजा चढाईपटू घ्या."

'ताजा' म्हणताना माझं बोट आपोआप आकड्याला टांगलेल्या बोकडाकडे गेलं. मांडी द्या, मान नको, चरबी काढा, असं सांगताना जातं तसंच. माणसं निवडायला वेगळं बोट वापरायला मी कधी शिकलोच नव्हतो.

रफीकभाईंनी मान वर केली नाही. "फायनलला शेवटच्या चढाईत त्यानेच समोरच्या चढाईपटूचा घोटा धरला होता ना? अंगावर चार जण पडले, तरी सोडला नाही. गुडघा तेव्हाच गेला, साहेब. आणि तुम्ही इथे येऊन पेढे वाटलेत."

वाटले होते खरे. तो मॅटवर किंचाळत असणार, पण घरात टीव्हीपुढे आम्ही नाचत होतो, म्हणून ऐकू आलं नव्हतं.

सत्तूर पुन्हा पडला. मी मटणाची पिशवी घेतली. ती अजून कोमट होती.