देवांच्या कपाटाशेजारी शिजलेलं वाग्यू

आमच्या कॉव्हेंट्रीच्या घरात देवांना वेगळी खोली नाही. देव स्वयंपाकघरातल्या कपाटात, बॉयलरच्या शेजारी. हिवाळ्यात घरातली सगळ्यांत उबदार जागा त्यांचीच, त्यामुळे त्यांची काही तक्रार नाही. त्याच स्वयंपाकघरात रविवारी मटण शिजतं आणि तेही देवांना मान्य आहे, कारण आम्ही कोल्हापूरचे. पण बीफ नाही. का नाही, असं आमच्याकडे कुणी कधी विचारलं नाही आणि कुणी कधी सांगितलंही नाही. सगळ्यांना ठाऊक आहे, असं मी धरून चालले होते.

त्या रविवारी आमची मुलगी तिच्या मित्राला घेऊन जेवायला येणार होती. मित्र म्हणजे लग्न करायचं म्हणतेय तो. दिवाळीत त्याच्यावरूनच आमचं वाजलं होतं आणि तेव्हापासून ती घरी फिरकली नव्हती. ती राहते ते बर्मिंगहॅम काही चंद्रावर नाही, ट्रेननं अर्ध्या तासात येतं. पण फोन केला की "बिझी आहे, आई" एवढंच. येण्याआधी तिनं मला बजावलं, "या वेळी काही बोललीस ना, तर मी परत नाही येणार." मी तिला ओळखते. माझीच मुलगी आहे, नाही म्हणजे नाही. मी ठरवून टाकलं, आज तोंड उघडायचं ते फक्त हो म्हणायला.

मुलगा आला. बाप इंग्लिश, आई जपानी. दारात बूट काढले आणि जोडीनं, बाहेर तोंड करून ठेवले. आमच्या मराठी मंडळातल्या एकाही जावयाला हे आजवर जमलेलं नाही. "नमस्कार, काकू," म्हणाला आणि दोन्ही हातांनी एक खोका पुढे केला. आत बर्फाच्या पिशव्या आणि काळ्या कागदात गुंडाळलेलं मांस. त्याच्या आईच्या मुलखातलं नावाजलेलं बीफ. कुणाच्या घरी पहिल्यांदा जाताना गावाकडचं सगळ्यांत चांगलं न्यावं, असं तिनं त्याला शिकवलेलं. आपल्याकडे पेढ्यांवर भागतं.

मुलगी माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. मी म्हटलं, "हाऊ लव्हली."

आमचे हे मात्र वरबापासारखे खुलले. खोका घेऊन माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आले आणि प्रवचनच सुरू केलं. "वाग्यू आहे हे, वाग्यू. ही चरबीची नक्षी बघ. हातावर ठेवलं तरी वितळतं. नुसतं मीठ, कडकडीत तापलेला तवा, दोन्ही बाजूंनी जरा जरा, बास. आतून लालच राहिलं पाहिजे."

"तुम्हाला हो कसं माहीत?"

"व्हिडिओ बघितलाय एक."

बागेत बार्बेक्यूवर करावं म्हटलं, तर कुंपणापलीकडे जैन शेजारीण, आणि तिचं नाक आमच्या स्मोक अलार्मपेक्षा तेज. शेवटी खिडक्या बंद केल्या, कपाटाचं दार लावलं आणि देवांना म्हटलं, जरा वेळ डोळे मिटून घ्या. पण पहिल्यांदा जेवायला आलेल्या माणसाला लालभडक मांस वाढायचं? ते माझ्याच्यानं होणार नव्हतं. मी ते नळाखाली स्वच्छ धुतलं, हळद, मीठ, आलं-लसूण चोळलं आणि मटणासारखं कुकरला लावलं. हे मागे उभे राहून "अगं, अगं" करत राहिले.

झाकण उघडलं तर नक्षी गायब. पिवळ्या चरबीचं तळं आणि त्यात चार चिंध्या. यांचा चेहरा इतका पडला की सासरे गेले तेव्हासुद्धा तेवढा पडला नव्हता. मी कांदा-खोबऱ्याचं वाटण ओतून सगळं झाकून टाकलं आणि त्याला रस्सा म्हटलं.

जेवायला बसलो. मी माझ्या ताटात वरण-भात तेवढा घेतला. मुलानं कोशिंबीर परत परत घेतली, वांग्याचं कौतुक केलं, आणि मग बीफचा एक तुकडा तोंडात घालून डोळे मिटले. वाटलं, चव घेतोय. पण त्यानं तो पाण्याबरोबर गिळला, गोळी गिळावी तसा.

"असं का करतोय गं हा?" मी मुलीला मराठीत विचारलं.

तिचा चेहरा उतरला. "आई, तो व्हेजिटेरियन आहे. लहानपणापासून. तू म्हणशील, घासफूस खाणारा जावई आणला. म्हणून नाही सांगितलं."

"मग हे का आणलं त्यानं?"

"मी त्याला सांगितलं, माझी फॅमिली मीटवर जीव टाकते. तुम्हाला बीफ आवडतं ना?"

"आवडतं? या घरात कधी बघितलंस तू?"

"घरात नाही. पण स्विमिंगनंतर बाबा मला नेहमी बर्गर द्यायचे. बीफचाच. मला वाटलं, तुला किचनमध्ये वास नको असतो म्हणून."

मी यांच्याकडे बघितलं. हे अत्यंत मन लावून कांदा चिरत होते. ताटातला, चिरलेलाच.

मुलीला हसू फुटलं. मी उठले, त्या पोराच्या पुढचं ताट उचललं आणि दुसऱ्या ताटात वरण-भात वाढून, वर तूप घालून ठेवलं. एव्हाना त्याला निम्मंअर्धं कळलं होतं. अगदी हळू आवाजात, इंग्रजीत त्यानं विचारलं, "काकू, तुम्ही हे खात नाही, मग शिजवलंत कशासाठी?"

खोटं बोलता आलं असतं. पाहुणचार म्हणायचं, आमचं कल्चर म्हणायचं, इथे असलं छान खपतं. पण सकाळपासून हो-हो म्हणून मी दमले होते.

"ही घरी येत राहावी म्हणून," मी म्हटलं.

मुलगी हसायची थांबली. तिनं तिचं ताट माझ्याकडे सरकवलं. "आई, मला पण वाढ ना वरण-भात."

वाढताना मला रडू आलं. तिनं ते बघितलं, आणि मी बघू दिलं.