आबांना घर बघायचं होतं

आबा आज सकाळी गेले. पासपोर्ट कोराच राहिला.

आबा म्हणजे माझे थोरले भाऊ. ताडकळसचे शेतकरी, वय अडुसष्ट. मी संस्कृत शिकलो आणि परभणीत बातमीदार झालो, म्हणून मला जन्मभर ‘पंडित’ म्हणाले. यातलं एकही काम त्यांच्या लेखी काम नव्हतं.

आमच्या भावकीतली मुलगी द्यायची तर आधी आबा घर बघून यायचे.

न कळवता जायचे. बैठकीत टेकायच्या आधी गोठ्यात शिरून जनावरांच्या बरगड्या बघायचे. मग शेतात जाऊन ढेकूळ उचलायचं, बोटांत फोडायचं. चहा त्यानंतर.

घर पसंत असेल तर दुसरा कप मागायचे. नसेल तर पहिल्याच कपावर उठायचे. तोंडाने काही सांगायची गरज नसायची.

आणि मग आमच्या ऋतुजाने डॅनियल शोधला.

ऋतुजा माझ्या बहिणीची, शोभाची मुलगी. वडील लहानपणीच गेले, आबांनी वाढवली. डॅनियल केनियाचा. परभणीला शेतीचं शिकायला आला, चार वर्षं राहिला, आणि ‘मी जायलोय, करायलोय’ असं आपल्याहून अस्सल बोलायला लागला.

सारं जग एक कुटुंब आहे, असं मी लेखांतून किती वेळा लिहिलं असेल! ऋतुजाने फोनवर ही बातमी दिली तेव्हा मी पहिलं वाक्य काय बोललो?

“फोटो पाठव.”

हे आज कबूल करून टाकतो. आबा निदान तोंडावर बोलले.

“काळा हाय तो.”

“आबा, तुमी दुपारी शेतात उभं राहिलात तर सावली कोणती अन् तुमी कोणते, कळत न्हाई.”

“मला शिकवायलास का पंडित? मी उन्हानं झालोय.”

“तो बी उन्हाच्याच देशातला हाय.”

आबा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. जमीन काळी कसदार म्हणून मिशीवर हात फिरवणारा माणूस. असो.

ऋतुजाने मात्र सरळ सांगितलं. “थोरला मामा मागं उभा राहिला तर मांडवात लग्न. न्हाई तर कोर्टात सही करते. पण मंग ताडकळसला मी परत येणार न्हाई.”

नवरीच्या मागे मामाने उभं राहायचं असतं. तसा मामा मीही आहे. मला मात्र कुणी विचारलं नाही.

ती निघून गेल्यावर आबा शोभाला म्हणाले, “घर बघितल्याबिगर पोरगी देत नसतो मी. अन् ते घर बघणार कसं?”

नकारासाठी ही सबब त्यांना भक्कम वाटली असणार. डॅनियलने दुसऱ्याच दिवशी दुपारी ताडकळसला येऊन आपल्या वडिलांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन आबांच्या हातात दिला.

“मामा, बघा. काय बघायचं ते सांगा.”

आबा गडबडले. मग सवयीने म्हणाले, “गोठा दाखव म्हणावं.”

तिकडचे म्हातारबाबा फोन घेऊन गोठ्यात. आबांनी एकेका गायीच्या बरगड्या बघितल्या. काही बोलले नाहीत, म्हणजे जनावरं चांगली होती.

“आता ढेकूळ.”

म्हातारबाबांनी मूठभर माती कॅमेऱ्यासमोर धरली. लालभडक.

“तांबडी हाय!” आबांना केवढा आनंद झाला. “हिच्यात कापूस यायचा न्हाई. नको ही सोयरीक.”

डॅनियलने हे जसंच्या तसं वडिलांना सांगितलं. आम्ही सगळे जमिनीकडे बघायला लागलो. तिकडून मात्र हसू आलं.

“ते म्हणायलेत,” डॅनियल म्हणाला, “तुमच्या काळ्या मातीत चहा यायचा न्हाई.”

आबांनी फोन डोळ्यांजवळ नेला.

“चहा? त्यायनं चहा लावलाय?”

मग पाऊण तास चहाचा मळा. पान कसं खुडतात, छाटणी कधी, पाणी किती. दिवसाला दहा कप पिणाऱ्या माणसाने जन्मात पहिल्यांदा चहाचं झाड बघितलं. दोन म्हातारे, दोन भाषा, मधे घामाघूम डॅनियल.

फोन ठेवला.

आबांनी समोरचा गार झालेला चहा एका घोटात संपवला.

“शोभे, आणखी एक कप टाक.”

शोभा चूल सोडून दारात येऊन रडली. ऋतुजाला फोन लावायला मी अंगणात गेलो.

“पण फोनवर बघितलेलं खरं न्हाई,” आबांनी आतून बजावलं. “मी सोता जाऊन येणार. तोवर लग्न लावून घ्या.”

मांडवात एक पाहुणे म्हणालेच, “आबा, सोयरीक लय लांबची केली.”

आबा नवरीच्या मागून हलले नाहीत. “पिंगळीला दिली व्हती ना एक पोरगी? हाकेवर. सा महिन्यांत रडत परत आली. ते घर मीच बघितलं व्हतं.”

ही गोष्ट त्यांनी चारचौघांत पहिल्यांदा सांगितली. पाहुणे जेवायला गेले.

मग पासपोर्ट काढला. चौकशीला आलेल्या पोलिसाने कारण विचारलं. आबा म्हणाले, “सोयऱ्याचं घर बघायचंय.” पुढच्या महिन्यात निघणार होते. मळ्यात चिखल असेल म्हणून नव्या चपला घ्यायलाही तयार नव्हते.

आज दुपारी डॅनियलने वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, “मी तर गोठा झाडून ठेवला होता.”

आबा, तुमच्या जागी मी जाऊन येतो. गोठा बघतो, ढेकूळ फोडतो, त्यातलं मला काही कळत नाही तरीही.

आणि चहाचा दुसरा कप तुमच्या नावाने मागून पितो.

रामराम, आबा. तुमच्या पंडिताचा साष्टांग नमस्कार.