नुसता उकडलेला बटाटा

माझी लेक बटाट्याच्या नव्या जाती तयार करते. तिचं केंद्र डोंगरात आहे. तिथल्या मातीत बारीक सूत्रकृमी असतात. ते मुळांना चिकटून रस शोषतात आणि झाड खुरटतं. दक्षिण अमेरिकेतल्या एका रानटी बटाट्याच्या मुळाशी मात्र हा कृमी उपाशी मरतो. तो गुण आपल्या बटाट्यात आणायचा, हे तिचं काम. अडचण अशी की रानटी बापाचा कडवटपणाही लेकरात उतरतो.

गेल्या हिवाळ्यात ती बोरीवलीला आली ती दोन वाण घेऊन. स्वच्छ शेतातले, धुतलेले, प्रयोगशाळेने खायला हरकत नाही म्हटलेले. कृमीला दोन्ही पुरून उरले होते. आता चव. पास होईल तो पुढच्या हंगामात मोठ्या शेतात जाणार. दोन्ही नापास झाले तर तिची कितीतरी वर्षं पाण्यात.

"केंद्रात सगळे या वाणांच्या प्रेमात आहेत," ती म्हणाली. "मला भांडखोर माणसं हवीत."

"मग सोसायटीत आलीस ते बरं केलंस."

मी कामाला लागले. तीन वाट्या, तळाला खुणा: दोन तिचे वाण, तिसरा बाजारातला बटाटा. सालं पिशवीत बांधून वेगळी, कारण ती सोसायटीच्या खतात टाकायची नाहीत अशी लेकीची सक्त ताकीद. उकडायचं काम नणंदेकडे दिलं आणि मी शेजाऱ्यांना बोलवायला गेले.

सगळ्यांनी खाल्लं. सगळ्यांना सगळंच आवडलं. तळमजल्यावरचे काका मीटिंगमध्ये चहालाही नावं ठेवतात, ते म्हणाले, "झकास!"

लेकीचा चेहरा उतरला. "आत्या, तू यात काय घातलंस?"

"काही नाही गं. मीठ, जिरं, आणि चिमूटभर साखर. तिन्हींत सारखीच हं!"

"आत्या! अगं, कडूपणा शोधायचा होता ना!"

"पाहुण्यांना नुसता उकडलेला बटाटा देतात का? लोक काय म्हणतील?"

"वाट लागली," लेक खुर्चीत बसली.

पण मी कुठलीही वस्तू एकदम सगळी वापरून टाकत नाही. प्रत्येकातले दोन बटाटे मागे ठेवले होते. ते उकडले. या वेळी ओट्यापाशी मीच उभी राहिले आणि नणंदेला पाहुण्यांशी गप्पा मारायला बसवलं.

काकांनी पहिल्या वाटीतला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "घशात खवखवतंय. हा मला परत देऊ नका." दुसऱ्या वाटीतला त्यांनी चवीने खाल्ला. मग आणखी एक फोड उचलली. "हा बाजारातला ना?"

लेकीने वाटी उलटून खूण पाहिली.

"नाही काका, हा माझा!"

इतरांचंही तेच मत पडलं. नणंदेने तर तिसऱ्या वाटीतला, म्हणजे बाजारातलाच, पिठूळ ठरवला.

"आणि पहिला? टाकून देणार?" मी विचारलं.

"छे! कृमीला तोच जास्त दाद देत नाही. त्याचा पुन्हा आपल्या बटाट्याशी संकर करायचा, कडूपणा जाईपर्यंत." एवढं बोलून ती फोन घेऊन गॅलरीत पळाली. केंद्रातल्या सहकाऱ्याला ती इतक्या मोठ्याने सांगत होती, की समोरच्या विंगमधल्या खिडक्या उघडल्या: "दुसरा! अरे, दुसरा लावायचा! बियाणं बाजूला काढ!"