तळघरातलं रीळ

मी डिझेल आणायला विसरलो. ही काय सांगण्यासारखी चूक, असं म्हणणारे म्हणोत. मी ते मान्य करत नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी तंबूच्या टॉकीजवर ऑपरेटर होतो. बाजाराच्या दिवशी आमच्याच गावात, आंजीत, भुताचा सिनेमा लावला होता. वर्ध्याहून निघताना मी टपरीवर गप्पा मारत बसलो आणि डिझेलचा डबा रिकामाच राहिला. मध्यांतराला जनरेटरच्या टाकीत काडी बुडवून पाहिली. शेवटापर्यंत पुरणार नव्हतं. शेवट दाखवला नाही तर लोक कनात फाडतात, मालक नोकरीवरून काढतो. मी एक रीळ गाळलं.

पडद्यावर हवेलीतला ठाकूर नायिकेला केस धरून तळघरात ओढत होता. पुढच्याच क्षणी तो दार उघडून, मान खाली घालून बाजूला उभा, आणि ती चालत बाहेर. तंबूत कुजबुज झाली, पण सिनेमा संपला. सकाळी रिळांची पेटी पुलगावच्या स्टेशनवर रवाना झाली.

माझी थोरली बहीण तेव्हा नवऱ्याच्या माराला कंटाळून माहेरी आली होती. बायकांच्या बाजूला बसून तिनं सिनेमा पाहिला होता. दुसऱ्या दिवशी तुरीच्या शेंगा सोलताना तिनं विचारलं, "तो ठाकूर एकदम काऊन बदलला रे?"

"पश्चात्ताप झाला त्याले."

"कायचा पश्चात्ताप? आताच तर झिंज्या धरून नेऊन राह्यला होता. मधात काही तरी झालं."

"तुले सिनेमा नाई समजत, ताई."

"सिनेमा नसंल समजत. मारणारा समजते मले."

त्याच आठवड्यात भाऊजी तिला न्यायला आले. खाटेवर मान खाली घालून बसले. बाबा म्हणाले, "माणूस बदलते, बाई."

"कशानं बदलला ते सांगू द्या त्याहीले. मंग पाहू."

भाऊजींनी बाबांकडे पाहिलं. सगळे माझ्याकडे पाहू लागले, कारण दहा गावं फिरलेला मीच. मी म्हणालो, "ठाकुरासारखा हैवान बदलला, तर भाऊजी काऊन नाई बदलणार?"

सगळे हसले. त्या हसण्यात निर्णय होऊन गेला. ताई हसली नाही. तिनं गाठोडं बांधलं.

गाळलेलं रीळ मी इतर गावांत दाखवलं होतं. तळघरात नायिका जळती मशाल उचलते, ठाकुराचा हात पोळते आणि म्हणते, दार उघड, नाहीतर हवेली पेटवते. म्हणून तो मान खाली घालतो. पश्चात्तापाचं त्यात नावही नव्हतं. हे मला माहीत होतं, आणि तरी मी बोललो.

चार महिन्यांनी ताई बसमधून एकटीच उतरली. डावा हात गळ्यात बांधलेला. दारातच म्हणाली, "आता कोणीही न्यायले आलं तरी मी जाणार नाई." पुढे तिनं सेवाग्रामच्या दवाखान्यात आयाचं काम धरलं, खोली घेतली. त्याला अजून एक संधी दे, असं कोणी म्हटलं की ती एवढंच म्हणायची, "दिली." डावं मनगट मात्र नीट जुळलं नाही. भाकरी ती एकट्या उजव्या हातानंच थापायची.

काही वर्षांनी व्हिडिओ आला. तिच्या शेजाऱ्यांनी एका रविवारी दुपारी भाड्यानं आणला, आणि नेमका तोच सिनेमा लागला. मी ताईच्या बाजूला सतरंजीवर होतो. उठून जाता आलं असतं. तळघर आलं, मशाल आली, ठाकुराची मान खाली गेली. ताईनं पडद्यावरची नजर काढली नाही.

"हे तंबूत नव्हतं," ती म्हणाली.

सिनेमाच्या कंपनीनं कापलं असेल, असं म्हणणं सोपं होतं.

"नव्हतं, ताई. मी गाळलं होतं. डिझेल आणायचं विसरलो, नोकरीले भ्यालो. तो काऊन बदलला ते मले माहीत होतं, तरी मी तुले खोटं सांगून त्या घरी धाडलं. तुझं बरोबर होतं. मले माफ कर."