निकालाआधीचा गुलाल

आमचे हे पाच वर्षं आमदार होते आणि त्या पाच वर्षांत मला नवरा असा फारसा मिळालाच नाही. सकाळच्या चहाआधी दारात माणसं. अधिवेशन असलं की मुंबई, हिवाळ्यात नागपूर, आणि उरलेल्या दिवसांत गावोगावच्या हळदी नि दहावे. मी चिडायचे, भांडायचे. दुसऱ्यांदा उभं राहायचं ठरलं तेव्हा मात्र ह्यांनी मनातली भीती बोलून दाखवली, "आमदारकी गेली, तर उद्या आपल्याकडे कोणी फिरकणार नाही गं." त्यानंतर मी भांडले नाही. तीच भीती मलाही चिकटली.

मतमोजणी पनवेलातच होती. हॉलच्या समोर माझ्या मैत्रिणीचं घर, म्हणून मी सकाळपासून तिच्या गॅलरीत उभी. लाउडस्पीकरवरून एकेका फेरीचे आकडे येत होते. सुरुवातीला हे पुढे, दुपारीही पुढेच. जरा पाय मोकळे करायला हे हॉलमधून फाटकाशी आले, तर शहरातल्या आमच्या कार्यकर्त्यांनी गुलालाचं पोतंच त्यांच्यावर रिकामं केलं.

मी वरून ओरडले, "अहो, अजून फेऱ्या बाकी आहेत!" पण ढोलापुढे माझं कोण ऐकतो? बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, त्यातली गत.

पुढच्या फेरीला आघाडी घटली. त्याच्या पुढच्या फेरीला आणखी घटली. ह्यांनी खिशातून रुमाल काढला, तसा एकाने त्यांचा हात धरला.

"साहेब, पुसू नका. लागलेला गुलाल पुसणं म्हणजे अपशकुन."

एवढी माणसं बघत असताना हे तरी काय करणार? रुमाल खिशात गेला आणि हे तसेच लाल तोंडाने आत, विरोधकांच्या माणसांसमोर जाऊन बसले. मला अस्सा राग आला होता! मैत्रिणीने वाढलेला भात तसाच ठेवून मी पुन्हा गॅलरीत आले. खाली फाटकाशी उभ्या असलेल्या मोटारसायकली एकेक करून निघून जात होत्या.

दिवेलागणीला शेवटची फेरी जाहीर झाली. हे थोडक्यात हरले. मी धावत खाली गेले, तोवर आमचा एकही कार्यकर्ता तिथे उरला नव्हता. हे फाटकातून एकटेच बाहेर आले.

नेमका तेव्हाच मतदारसंघातल्या बेलपाडा गावाहून एक टेम्पो येऊन थांबला. त्यातल्या माणसांनी निकाल ऐकलाच नव्हता. त्यांना ह्यांचं लाल तोंड दिसलं, तेवढं पुरलं. बघता बघता त्यांनी ह्यांना खांद्यावर घेतलं आणि ढोल सुरू केला.

"अरे, उतरवा मला! मी हरलोय!" हे वरून सांगत होते. साहेब मस्करी करतात म्हणून ते आणखीच नाचू लागले. शेवटी मीच त्यांना आडवी गेले आणि ओरडून खरं काय ते सांगितलं.

ढोल थांबला. आता हे लोक ह्यांना खाली ठेवणार आणि टेम्पोत बसणार, असं मला वाटलं.

पुढच्या बाजूला खांदा दिलेला एक मिशीवाला होता. तो म्हणाला, "हरलं म्हनून काय झालं? आमी काय साहेबाला वाटंत टाकनार हाय? चला वैनी, तुमी फुडं व्हा."

ह्यांना तसंच खांद्यावर घेऊन ते ढोल न वाजवता आमच्या घराकडे निघाले. मी पुढे चालत होते. मागे वळून पाहिलं, तर हे त्या माणसांची डोकी धरून भर रस्त्यात लहान मुलासारखे रडत होते. मला मात्र कितीतरी महिन्यांनी हलकं वाटत होतं.