टोपी बसली का?

वंदनाताई गेल्याचा फोन आला, तेव्हा आलापल्लीच्या दवाखान्यात मी एका बाईच्या केसांचा भांग पाडत होतो. "थांबा जरा," म्हणालो, आणि भांग पुरा केला... त्याला पाच आठवडे झाले.

ताई वरोऱ्याच्या. आधी इंजिनीअर, मग मेंदूच्या अभ्यासक. खुर्ची असो, हेल्मेट असो, उलटसुलट करून विचारायच्या, "हे कोणाच्या मापाचं बनवलं असंल गा?" फिट येणाऱ्यांच्या मेंदूतले तरंग टिपणारी टोपी त्यांनी बनवली, जंगलातल्या गावांत पाठीवर नेता येईल अशी. ती लावायचं काम माझं.

पहिल्या फेरीत ती बायकांच्या डोक्यावर बसेना. मोहाच्या बियांचं तेल, घट्ट अंबाडा. केस सोडवून भांग पाडायचा तर परक्या बाईच्या डोक्याला हात लावायचा... संकोच वाटला. खरं सांगायचं तर कंटाळाही आला. फॉर्मवर "सहकार्य केलं का?" असा रकाना होता. त्यात मी सरसकट "नाही" लिहून मोकळा झालो. त्या बायकांची नावं औषधाच्या यादीतून गळली. त्यातच रैनीबाई. वर्षभर औषध मिळालं नाही. फिट येऊन ती चुलीवर पडली, हात भाजला.

"बायका यंत्राले भेतात काऊन?" माझे फॉर्म पाहून ताईंना कोडं पडलं. स्वतः गावात आल्या, मला घेऊन. रैनीबाई भाजलेला हात पदराआड घेत म्हणाली, "भेव कायचा, बाई? मी तं बसूनच होती. हा भाऊच नव्या नवरीवानी लाजून राह्यला होता!"

जमलेल्या बायका हसल्या. मी म्हणालो, "फिट येणाऱ्यांना आठवत नाही, ताई."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं... मग रैनीबाईची लाकडी फणी मागून घेतली, सवयीनं उलटसुलट केली. "या फणीले डोकं समजते, पाहा." पुढच्या टोपीला फणीसारखे दात आले, भांग पाडला की तेलातून, केसांतून थेट कातडीला टेकणारे. रैनीबाईचं औषध सुरू झालं. मला ताई त्या "नाही"बद्दल कधीच बोलल्या नाहीत. मीही नाही.

नव्या टोपीसोबत नवा फॉर्म आला होता. आजही तोच भरतो. जुना रकाना त्यांनी काढून टाकला, त्या जागी त्यांच्याच अक्षरात दोन ओळी आहेत : "टोपी बसली का? नसल्यास आपण काय केलं?"

पहिल्या ओळीत रोज "बसली" लिहितो. दुसरीशी पेन अडतं.

ताई, रैनीबाईला सगळं आठवत होतं.